सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकीतील स्तरबंधन

सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकीतील स्तरबंधन अर्थात लॅमिनेशन ही वेगवेगळ्या आधारपटांवर तयार केलेले पातळ थर दाब, उष्णता किंवा चिकटद्रव्याच्या साहाय्याने जोडून एक उपकरण बनविण्याची प्रक्रिया होय. सेंद्रिय सौरघट, ट्रान्झिस्टर व प्रकाश-उत्सर्जक डायोड (ओएलईडी) यांच्या निर्मितीत ती वापरतात. या उपकरणांतील सक्रिय थर साधारणतः १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून किमान पाचशे पटींनी पातळ असतो.

== गरज ==
बहुवारिकांचे थर द्रावणातून एकावर एक पसरविताना वरच्या थराचा द्रावक खालचा थर विरघळवू शकतो. वरून धातूची वाफ बसवून विद्युत्अग्र तयार केल्यास तप्त अणू नाजूक सेंद्रिय थरात शिरतात. दोन्ही अर्धे भाग स्वतंत्रपणे बनवून अखेरीस जोडले, की या अडचणी टळतात.

१९९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील ग्रानस्ट्रॉम, रिचर्ड फ्रेंड व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन देणारा आणि इलेक्ट्रॉन स्वीकारणारा असे दोन बहुवारिक थर उष्णता व दाब देऊन जोडले. सीमेवर ते एकमेकांत थोडेसेच मिसळले. त्यामुळे प्रभार विलग होण्यास पुरेशी जागा मिळाली आणि विद्युत्अग्रांपर्यंतचे मार्गही अखंड राहिले. कृत्रिम सूर्यप्रकाशात या सौरघटाची कार्यक्षमता १.९ टक्के भरली. आज ती किरकोळ वाटते, परंतु तत्कालीन बहुवारिक घटांच्या मानाने ती लक्षणीय होती. २००२ मध्ये बेल लॅब्जमधील संशोधकांनी मऊ सिलिकॉन रबरावरील सोन्याची विद्युत्अग्रे सेंद्रिय अर्धवाहकावर नुसती टेकवून ट्रान्झिस्टर तयार केले. तेथे जोड टिकतो तो केवळ व्हॅन डर वाल्स बलांवर.

== मर्यादा ==
थर चिकटले म्हणजे त्यांतून वीज नीट वाहते असे नाही. एक मायक्रोमीटरचा धूलिकण सक्रिय थराच्या दहापट उंच असतो. तो मध्ये अडकल्यास वरचा पट तंबूसारखा उचलला जातो व भोवती पोकळी राहते. तापमान कमी पडल्यास बहुवारिक मऊ होत नाही, अधिक झाल्यास आधारपट वाकतो.

अंतिम संरक्षक आवरणही बहुधा स्तरबंधनानेच बसवितात. ओएलईडीसाठी त्यातून दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे एक मायक्रोग्रॅमहून अधिक बाष्प जाऊ नये, असा दंडक मानला जातो. साध्या प्लास्टिक फिल्ममधून त्याच्या लाखो पट बाष्प झिरपते. त्र्यंबकेश्वरसारख्या सह्याद्रीतील पावसाळी गावात उघड्यावर वापरावयाच्या सेंद्रिय सौरपटाचे आयुष्य म्हणूनच बरेचसे या आवरणावर ठरेल. आवरण उत्तम असले तरी कडेच्या चिकटद्रव्यातून बाष्प आडवे शिरते. ही गळती तपासण्यासाठी आत कॅल्शियमचा चकचकीत थर ठेवतात. पाण्याशी अभिक्रिया होताच तो पारदर्शक होतो आणि गळतीची जागा डोळ्यांना दिसते.