ख्रिस्ती उपासनेतील वादकाचे स्थान

रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनकार्यास आले ते अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधून. तेथील प्युरिटनांस उपासनेत वाद्य वर्ज्य होते. नव्या करारात त्याची आज्ञा नाही, हा त्यांचा आक्षेप. टॉमस ब्रॅटल यांनी मृत्युपत्राने देऊ केलेला ऑर्गन १७१३ मध्ये बोस्टनच्या ब्रॅटल स्ट्रीट चर्चने नाकारला. तो अँग्लिकनांच्या किंग्ज चॅपेलमध्ये गेला. देणगीची अट मार्मिक होती: वादक कुशल हवा, तसाच संयमीही.

मराठी मंडळ्यांत हाच प्रश्न भाषेच्या रूपाने उभा राहिला. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत लघु अक्षर लांब स्वरावर पडे व शब्दाचे रूप बिघडे. वादक चालीशी जितका प्रामाणिक, तितकी मराठी अधिक विद्रूप, असे म्हणावे लागेल. दोष अर्थात त्याचा नव्हे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व भजने रचली, ख्रिस्ती कीर्तनेही केली, आणि वाद्य शब्दामागून चालू लागले. कीर्तनातील पेटीवाल्याच्या कामास मराठीत मुळी ‘साथ’ हेच नाव आहे. तो कीर्तनकाराच्या पुढे धावत नाही, चरण संपल्यावर उरलेली जागा तेवढी भरून काढतो.