ट्रक किती ओढतो, हा प्रश्नच चुकीचा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो. ट्रेलरचे वजन बघा, ट्रकची टोइंग कपॅसिटी बघा. ट्रकचा आकडा मोठा असला की जोडी जमली. सावध माणूस त्यात ‘वीस टक्के हातचे ठेवा’ एवढी भर घालतो. विक्रेते हेच सांगतात, जाहिराती हेच सांगतात, आणि ट्रेलर जोडून राष्ट्रीय उद्याने पाहायला निघणाऱ्या मराठी घरांतही ट्रकची निवड याच आकड्यावर होताना दिसते. माझे म्हणणे असे की हा सल्ला नुसता अपुरा नाही, तो चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. आजचा पिकअप ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यात सहसा कमी पडत नाही. तो भार पेलण्यात कमी पडतो. आणि आपल्या ट्रकचा पेलण्याचा आकडा जाहिरातीत नसतो; ड्रायव्हरचे दार उघडल्यावर आतल्या खांबावर चिकटवलेला असतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. एके काळी प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपापल्या हिशेबाने ठरवत असे. 2008 मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे2807 हे मानक आणले. टोयोटाने 2011 च्या टंड्रापासून ते प्रथम स्वीकारले, फोर्ड, जीएम आणि राम पुढच्या काही वर्षांत त्यात आले. या मानकातली चढाची परीक्षा ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटाची आहे: सुमारे 11 मैलांची चढण, साधारण 550 फुटांवरून 3,500 फुटांपर्यंत, वाळवंटातला उन्हाळा आणि एसी पूर्ण सुरू. मागे दोनच चाके असलेल्या ट्रकचा वेग या चढावर ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये. सपाटीवर त्याच ट्रेलरसकट शून्यापासून 60 मैलांचा वेग 30 सेकंदांत गाठावा लागतो. ट्रेलर डोलू लागला तर ते डोलणे शमते का, हेही तपासले जाते. तेव्हा छापील आकडा खोटा आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. आकडा खरा आहे. तो कोणत्या ट्रकचा आहे, एवढेच विचारायचे.

त्या परीक्षेतल्या ट्रकमध्ये चालक आणि एक सोबती असतो, प्रत्येकी 150 पौंड, म्हणजे 68 किलोंचा. मागची सीट रिकामी, हौदाही रिकामा. आणि ट्रेलरचा हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, पडणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या 10 टक्के धरलेला असतो. ट्रॅव्हल ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा तर हा भार 10 ते 15 टक्क्यांमध्ये लागतो, आणि जाणकार 12-13 टक्क्यांवर ठेवतात. आता 2024 च्या फोर्ड एफ-150 ची जाहिरातीतली कमाल ओढ घ्या: 13,500 पौंड. त्याचे 13 टक्के होतात 1,755 पौंड. चामड्याच्या सीटा, काचेचे छत, मोठी चाके अशा सोयींनी भरलेल्या क्रू कॅब अर्ध्या टनी (एफ-150 च्या गटातल्या) ट्रकच्या दारावर 1,300 ते 1,600 पौंडांचे पेलोड, म्हणजे पेलण्याची मर्यादा, सर्रास दिसते. म्हणजे तसल्या ट्रकला जाहिरातीतला ट्रेलर जोडला, तर चालक आत बसण्यापूर्वीच ट्रकची मर्यादा ओलांडलेली असते. जो जितका महागडा ट्रिम घेतो, त्याच्या हाती पेलण्याची ताकद तितकी कमी उरते, कारण प्रत्येक सोयीचे वजन याच खात्यातून वजा होते.

कमाल आकडा कोण ओढतो, असे कोणी म्हणेल. म्हणून मध्यम उदाहरण घेऊ. ट्रेलर भरल्यावर 7,500 पौंडांचा, ट्रकची छापील ओढ 11,000 पौंड, दारावरचे पेलोड 1,500. प्रचलित हिशेबाने 3,500 पौंड हातचे राहिले. वीस टक्क्यांचा सावध नियमही पाळला गेला. आता दारावरचा हिशेब करा. 13 टक्के म्हणजे 975 पौंड हिचवर. भाराची वाटणी करणारी वेट डिस्ट्रिब्युशन हिच साधारण 100 पौंडांची. उरले 425 पौंड, म्हणजे 193 किलो. त्यात नवरा-बायको 310 पौंड आणि दोन मुले 150 पौंड बसवली की 35 पौंडांनी हिशेब तुटला. आणि मराठी घरांचा प्रवास बहुधा कधी निघतो? भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा. पुढे बाक असलेली क्रू कॅब सहा जणांना सहज घेते, म्हणून तेही ट्रकमध्येच बसतात. आणखी 280 पौंड. शिवाय हौद्यात पाण्याचे कॅन, कूलर, जनरेटर, मुलांच्या सायकली, आणि दोन आठवडे बाहेरचे खायला नको म्हणून बरोबर घेतलेले पीठ, तांदूळ, कुकर. इंजिनाला यातले काही जाणवत नाही. मागचा आस, स्प्रिंगा आणि टायर यांना प्रत्येक पौंड जाणवतो.

ट्रेलरच्या माहितीपत्रकातले ‘ड्राय वेट’ धरून हा हिशेब टाळता येत नाही. ते वजन पाणी, बॅटऱ्या, गॅस आणि सामान सोडून असते. 40 गॅलनची टाकी भरली की 334 पौंड वाढतात. गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्या तर बहुधा ट्रेलरच्या नाकावरच बसवलेल्या असतात, त्यांचे बरेचसे वजन थेट हिचवर येते. हिशेब ट्रेलरच्या कमाल मान्य वजनावरच करावा. भरलेला ट्रेलर त्याच्या जवळपासच जातो.

या भाराने ट्रकला काय होते, ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. हिचचा गोळा मागच्या आसाच्या मागे साधारण 5 फुटांवर असतो, आणि दोन आसांतले अंतर 12 फुटांच्या आसपास. तिथे 975 पौंड टेकले की तरफेच्या नियमाने मागच्या आसावर सुमारे 1,380 पौंड येतात आणि पुढच्या आसावरून 400 पौंड उचलले जातात. ज्या चाकांनी ट्रक वळतो आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मुख्य भरवसा असतो, नेमकी तीच हलकी होतात. ओढ कमी पडली तर घाट चढायला दहा मिनिटे जास्त लागतात, मागचा ट्रकवाला वैतागतो, बस्स. भार जास्त झाला तर पावसाळी वळणावर स्टिअरिंग हातात असूनही ट्रक ऐकत नाही. दोन चुकांची किंमत एवढी वेगळी असताना सगळी चर्चा पहिल्या चुकीची होते, याची मला मनापासून काळजी वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली की हा प्रश्न सुटतो. ती लावलीच पाहिजे. तिच्या पोलादी दांड्या उचललेला भार पुन्हा पुढच्या आसावर ढकलतात, काही भार ट्रेलरच्या चाकांकडेही परत जातो. पण ट्रेलरकडे परत जाणारा हा हिस्सा अशा जोडीत शंभर-दोनशे पौंडांचा, आणि हिचचे स्वतःचे वजनच शंभर. पुढच्या आसावर गेलेले वजन ट्रकवरच राहते. हिचने भाराची वाटणी सुधारते. दारावरचा आकडा वाढत नाही. मागच्या स्प्रिंगांना लावलेल्या एअर बॅग किंवा जादा स्प्रिंग-पाट्यांनीही तो वाढत नाही. त्यांनी ट्रकची शेपटी वर येते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो, एवढेच.

दुसरा आक्षेप मला सर्वांत धोकादायक वाटतो: मग सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला भरा, हिचवरचा भार आपोआप कमी होईल. होईल खरा. पण बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे गावाकडे पोरालाही ठाऊक असते. आणि इथे तर वेग ताशी 65 मैलांचा आहे. नाक हलके झालेला ट्रेलर मालट्रकच्या वाऱ्याच्या झोताने डोलू लागतो, आणि वेग जितका जास्त तितके ते डोलणे शमायला वेळ लागतो. एका वेगाच्या पुढे ते शमतच नाही, वाढत जाते. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये; पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

तिसरा आक्षेप युरोपचा. तिथे साध्या मोटारी कॅराव्हॅन ओढतात, हिचवर 100 किलोंच्या आसपास भार ठेवतात, मग अमेरिकेतच हे अवडंबर का? उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष चूक. तिथल्या कॅराव्हॅन हलक्या असतात, आणि वेगाला लगाम असतो: जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी 80 किलोमीटर, खास मान्यता असल्यास 100, ब्रिटनच्या मोटरवेवर 60 मैल. कमी वेगामुळे कमी नाकभार चालून जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने ट्रेलर ओढणाऱ्यांना 55 मैलांची मर्यादा घातली आहे. पण त्या राज्याबाहेर लोक सव्वातीन-साडेतीन टनांचा रुंद ट्रेलर घेऊन सत्तरच्या पुढे जातात. युरोपची सवलत हवी असेल तर युरोपचा वेगही घ्यावा लागेल.

मग सरळ त्यावरच्या, पाऊण टनी गटातला डिझेल ट्रक घ्या, हा उपाय बरेच जण सुचवतात. या बाजूला माझे मन थोडे झुकते, हे मान्य करतो. त्याची चौकट, ब्रेक, आस सगळे दणकट असते. कोलोरॅडोत 11,000 फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे सुमारे 7 टक्क्यांच्या उतारावर येताना डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकची किंमत कळते. विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन तिथवर जवळजवळ एकतृतीयांश ताकद गमावते, हेही खरे. पण डिझेल इंजिन स्वतःच फार जड असते, आणि यांतल्या कित्येक ट्रकचे कमाल एकूण वजन 10,000 पौंडांवर अडवलेले असते, कारण त्यापुढे अनेक राज्यांत नोंदणीचे नियम बदलतात. परिणामी नटवलेल्या पाऊण टनी डिझेलच्या दारावर दोन हजारांच्या आसपासचा आकडा निघतो, आणि शेजारी उभ्या पेट्रोलच्या साध्या ट्रकवर तीन हजारांचा. म्हणजे इथेही बॅजवर विसंबून चालत नाही. दार उघडावेच लागते.

दारावरचा हा स्टिकर कंपनीने ग्राहकांवर केलेला उपकार नव्हे. 2000 मध्ये फायरस्टोनने 65 लाख टायर परत मागवले, त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते आणि फुटलेल्या टायरांनी गाड्या उलटून माणसे मेली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने ट्रेड (TREAD) कायदा केला, आणि टायर व भार यांची आजची पाटी त्यातून निघालेल्या नियमांची आहे. माणसे आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या, इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असे तिच्यावर त्या एकाच गाडीसाठी लिहिलेले असते. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत तीनशे-चारशे पौंडांचा फरक निघतो. 10,000 पौंडांपेक्षा जड गटातल्या ट्रकला ही पाटी लागू नाही. तिथे कमाल एकूण वजनातून ट्रकचे प्रत्यक्ष वजन वजा करावे.

खरेदीचा क्रम म्हणूनच उलटा हवा. आधी ट्रेलर ठरवा, त्याच्या कमाल वजनाचे 13 टक्के काढा, हिच, माणसे आणि हौद्यातले सामान त्यात मिळवा, आणि तेवढे पेलणारा स्टिकर सापडेपर्यंत डीलरच्या आवारात दारे उघडत फिरा. ट्रक आधीच घेऊन झाला असेल तर पहिल्या सहलीला निघताना सगळे भरून, सगळ्यांना बसवून कॅट स्केलवर उभे राहा. मोठ्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो आणि पंधरा-वीस डॉलरांत पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर अशी तीन वजने कागदावर देतो. मागच्या आसाचा आकडा मर्यादेबाहेर आला तर हौद्यातले जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर, मधोमध हलवा, पाण्याची टाकी मुक्कामावर भरा. तेवढ्याने भागले नाही तर आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून आणा, आणि पुढचा ट्रेलर 5,000 पौंडांचा बघा.