नाव कोणी ठेवायचे?

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. आदिवासींविषयी लिहिताना आपल्या विद्वानांना ते नेहमीच राखता आले, असे म्हणवत नाही.

इंग्रजी अमदानीत जनगणनेचे अधिकारी अनेक जमातींचा धर्म हिंदूंहून वेगळा नोंदवीत. १९३५च्या कायद्याने त्यांचे कित्येक मुलूख प्रांतिक कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले. राष्ट्रवाद्यांना यात भेदनीती दिसली, आणि तो संशय निराधार नव्हता. याच सुमारास, १९३९ साली, व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेवर शेतीवरील बंदीने ती जमात खचली, तेव्हा तिच्यासाठी मुलूख राखून ठेवावा, असे त्यांनी सुचविले. मालवणचे सुपुत्र, मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली त्याचा प्रतिवाद केला. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘तथाकथित’ हा शब्द होता. हे लोक बहुतांशी मागासलेले हिंदूच होत, असा त्यांचा सिद्धांत.

आश्चर्य हे की, जमिनी गेल्या, सावकार माजला, इंग्रजी कायद्याने घात केला, हे दोघांनाही मान्य होते. पुरावा बराचसा एकच होता. निष्कर्ष मात्र राष्ट्राच्या कल्पनेने वेगळे केले. पुढे एल्विन १९५४ साली भारताचे नागरिक झाले, ईशान्य सीमाप्रदेशाचे सल्लागार म्हणून त्यांनी काम केले आणि अलगपणाचा आग्रह सोडला. घुर्यांचा ग्रंथही १९५९ साली ‘अनुसूचित जमाती’ या अर्थाच्या नव्या नावाने निघाला.

ज्यांच्याविषयी हा वाद, त्यांचे काय? घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ याच शब्दाचा आग्रह धरला. त्या शब्दाला नेमका कायदेशीर अर्थ नाही, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली दिले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण जयपालसिंगांचा प्रश्न केवळ कायद्याचा नव्हता.

तो अद्याप मिटलेला नाही. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या १० कोटी ४३ लाख भरली. २०२० साली झारखंड विधानसभेने सरना धर्मासाठी स्वतंत्र रकान्याची मागणी करणारा ठराव केला. रकाने आखणे हे माझ्यासारख्या सरकारी नोकराचे काम, आणि त्यांचा अर्थ लावणे हे संशोधकाचे. रकान्यात बसणाऱ्या माणसाला मात्र आम्ही दोघांनीही फार उशिरा विचारले.