डब्यातून परतलेली एल

१९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या एखाद्या गावी 'बूट्स' या औषधविक्रेत्याच्या दुकानात शिरले, की खोकल्याची औषधे, साबण आणि बाळांच्या पावडरी यांच्या शेजारच्याच फळीवर काही जड डबे मांडलेले दिसत. आत काकवीसारखा दाट, तपकिरी, कडवट-गोड पाक असे. सोबत यीस्टची एक पुडी. डबा घरी न्यायचा, मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत पाक गरम पाण्याने विरघळवायचा, साखर घालायची, वरून थंड पाणी ओतायचे, कोमट झाल्यावर यीस्ट भुरभुरायचे आणि आठवडाभर बादलीला हात लावायचा नाही. चाळीस पाइंट, म्हणजे सुमारे २३ लिटर एल तयार.

बिअरचे साहित्य औषधांच्या दुकानात कसे आले? प्रश्न छोटा आहे. उत्तर शोधायला सातशे वर्षे मागे जावे लागते.

एल म्हणजे मोड आणलेल्या धान्याचे आंबवलेले पेय. मटकीला मोड यावेत तसे बार्लीला मोड आणायचे आणि ते वाढण्याआधीच धान्य भट्टीत वाळवायचे, हे झाले माल्ट. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात भिजत ठेवले, की मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे पिष्टाची साखर करतात. हा गोड काढा गाळून घ्यायचा, निववायचा आणि आंबवायचा. कष्ट पुष्कळ, पण प्रत्येक टप्प्याला लागणारी भांडी मध्ययुगीन स्वयंपाकघरात असतच: कढई, टोपल्या, लाकडी पिंप.

म्हणून चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या खेड्यांत एल करणे हे बायकांचे काम होते. आठवड्याच्या कामांतलेच एक. भाकरी भाजण्याइतके नित्याचे. एल चार-सहा दिवसांत आंबट होई, म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागे. घरापुरती ठेवून उरलेली शेजाऱ्यांना विकायची. पुढच्या आठवड्यात शेजारीण करील, तिच्याकडून घ्यायची. या विक्रीवर राजाचे लक्ष होते. तिसऱ्या हेन्रीच्या काळातील, बहुधा १२६६-६७च्या सुमारास झालेल्या कायद्याने एलची किंमत धान्याच्या भावाशी बांधली, आणि गावोगावी एल चाखून तिची परीक्षा करणारे अधिकारी नेमले गेले. त्यांनी आकारलेल्या दंडांच्या याद्या जहागिरींच्या दप्तरांत राहिल्या. आज या स्त्रियांची नावे ठाऊक आहेत ती बव्हंशी त्या दंडांमुळे! ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी अशाच दप्तरांच्या आधारे १९९६ साली त्यांच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

हा व्यवसाय स्त्रियांच्या हातून सुटला कसा, याचे एक कारण एका वेलीच्या फुलोऱ्यात आहे. हॉप्स घातलेले पेय, ज्याला त्या काळी 'बिअर' म्हणत, पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशांतून इंग्लंडमध्ये रुजले. हॉप्समुळे पेय कडवट होते आणि टिकतेही. टिकते म्हणजे साठवता येते, दूर पाठवता येते, सैन्याला आणि जहाजांना पुरवता येते. त्यासाठी मोठी भांडी, अधिक सरपण आणि मुख्य म्हणजे भांडवल लागते. कर्ज, करार आणि व्यापारी संघटना पुरुषांच्या हाती होत्या. सन १६००पर्यंत बाजारासाठी मद्य करणे हा बहुतांशी पुरुषांचा धंदा झाला होता. घरापुरती एल मात्र अजून चुलीवरच होती.

तिला चुलीवरून उतरवले ते करांनी.

१६९७ साली माल्टवर कर बसला, १७११मध्ये हॉप्सवर. घरगुती एलवर थेट कर नव्हता, पण कराचा बोजा कच्च्या मालातूनच शेतमजुराच्या घरात पोहोचला. विल्यम कॉबेट या भांडखोर पत्रकाराने १८२१-२२मध्ये 'कॉटेज इकॉनॉमी' हे पुस्तक भागाभागांनी काढले आणि त्याचा आरंभच घरच्या बिअरपासून केला. पूर्वी मजुराच्या झोपडीतही बिअर होई, आता ती दुर्मीळ झाली, आणि याला माल्ट व हॉप्सवरील कर जबाबदार आहेत, असे त्याचे म्हणणे. बिअरची जागा चहाने घेतली याचा त्याला विशेष राग होता; चहाने अंगात ताकद येत नाही आणि वेळ व पैसा जातो, असा त्याने हिशेब मांडला. चहाविषयीचा त्याचा त्रागा आज हास्यास्पद वाटेल, पण करांविषयीचे निदान अचूक होते.

याच काळात मद्य करणाऱ्यांच्या हाती एक नवे उपकरण आले. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगणारी आणि त्याची घनता दाखवणारी नळी. जॉन रिचर्डसन याने १७८४ साली बिअरच्या काढ्याच्या घनतेविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काढ्यात किती साखर उतरली हे आकड्यांत मोजणे रूढ होऊ लागले. जे मोजता येते त्यावर करही बसवता येतो, हे सरकारच्या ध्यानात येण्यास अर्थातच फार वेळ लागत नाही.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर रद्द केला. शेतकऱ्यांची ही जुनी मागणी होती. पण कर नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली: यापुढे माल्टवर नव्हे तर तयार होणाऱ्या बिअरवर, काढ्याच्या घनतेनुसार, कर लागणार होता. कारखान्यांसाठी ही व्यवस्था सोयीची होती. आता कोणत्या धान्यापासून वा साखरेपासून काढा करायचा हे त्यांचे ते ठरवू शकत होते.

घरांसाठी मात्र पेच उभा राहिला. माल्टवर कर होता तोवर घरी एल करणाऱ्यानेही तो माल्टच्या किमतीत आपसूक भरला होता. आता कर बिअरवर, मग घरच्या बिअरचे काय? सूट दिली तर महसूल बुडतो, आणि कर लावायचा तर प्रत्येक स्वयंपाकघरात अबकारी अधिकारी पाठवावा लागतो. यावर तोडगा निघाला तो परवान्याचा. घरी एल करायची तर आधी सरकारदरबारी नाव नोंदवा आणि शुल्क भरा; घराच्या वार्षिक मूल्यावरून आकारणी ठरे. शुल्क फार मोठे नव्हते. पण आजीपासून चालत आलेल्या कामासाठी अर्ज करावा लागणे हीच अडचण होती, आणि शेजारी कारखान्याची बिअर मिळतच होती. पुढल्या पिढ्यांत घरगुती एल जवळजवळ लोपली.

त्याच साम्राज्याचा मुंबई इलाख्यातला व्यवहार याहून कठोर होता. इंग्लंडमध्ये कच्च्या मालावरचा कर उठल्यानंतर बारा वर्षांनी, १८९२ साली, मुंबई सरकारने मोहफुलांविषयी कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आणले. घरोघरी होणारी मोहाची दारू थांबावी आणि मक्तेदारांची खपावी, हा हेतू. मोहफुले हे आदिवासींचे अन्नही होते, ही गोष्ट त्यात गौण ठरली. इंग्रज गृहिणीला परवाना मागता येत होता. ठाण्याच्या वारली बाईच्या बाबतीत थेट टोपलीतल्या फुलांवरच बंधन आले.

इकडे ब्रिटनमध्ये माल्टने एक वेगळेच रूप धारण केले. गोड काढा कमी दाबाखाली आटवला की त्याचा दाट पाक होतो. तो आंबत नाही, सडत नाही, डब्यात वर्षभर राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर अशक्त मुलांना हा माल्टचा पाक देऊ लागले, पुष्कळदा कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळून. १९२८च्या 'द हाउस अॅट पूह कॉर्नर' या बालकथांच्या पुस्तकात छोट्या रूला शक्तिवर्धक म्हणून हाच पाक पाजला जातो, आणि टिगरला तो इतका आवडतो की तेच त्याचे अन्न ठरते. एलचा अर्धा प्रवास पूर्ण केलेला पदार्थ असा औषधांच्या कपाटात जाऊन बसला. त्यात पाणी आणि यीस्ट तेवढे घालायचे राहिले होते.

ते कसे घालायचे याचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर झाले ते अमेरिकेत. १७ जानेवारी १९२० रोजी तेथे दारूबंदी लागू झाली आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेली पेये बेकायदा ठरली. बिअरचे कारखाने आइस्क्रीम, शीतपेये असे काहीबाही करून तग धरू लागले. त्यांतील अनेकांनी माल्टचा पाक डब्यांत भरून विकायला घेतला. जाहिरातीत लिहिलेले असे: पाव आणि बिस्किटांसाठी उत्तम. ठीकच. पण यांतील काही डब्यांतला पाक हॉप्सच्या चवीचा असे, आणि कडवट बिस्किटांची गोडी अमेरिकेला एकाएकी कशी लागली हे कोणी विचारीत नव्हते. 'बडवायझर' या नावाचा माल्टचा पाकही बाजारात होता. स्वयंपाकघरांत मातीच्या मोठ्या बरण्या फसफसू लागल्या, आणि साखरेचा अंदाज चुकला की तळघरात रात्री बाटल्या फुटत.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. घरी वाइन करण्यास केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. घरच्या बिअरला मिळाली नाही. ती आणखी पंचेचाळीस वर्षे बेकायदाच राहिली.

ब्रिटन आधी सैल झाले. दुसऱ्या महायुद्धाने साखरेवर आणलेले नियंत्रण १९५३ साली उठले आणि घरी वाइन करण्याचा छंद पसरू लागला. सी. जे. जे. बेरी यांनी १९५७मध्ये या हौशी मंडळींसाठी मासिक सुरू केले. एप्रिल १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरचा परवाना रद्द केला. त्याच अर्थसंकल्पाने स्वतःच्या घरात राहणाऱ्यांवरचा 'शेड्यूल ए' हा करही काढला, तेव्हा बिअरचा परवाना ही त्यामानाने किरकोळ बाब होती. परवान्याचे उत्पन्न नगण्य होते. ८३ वर्षांनी इंग्रजाला आपल्या घरात, कोणालाही न विचारता, एल करता येऊ लागली.

पण मधल्या काळात कसब हरवले होते. आजीला येत होते ते नातीला ठाऊक नव्हते. भरडणे, भिजवणे, गाळणे, उकळणे, सगळेच विस्मृतीत गेले होते, आणि नेमक्या याच जागी डबा येऊन बसला. कठीण टप्पे कारखान्याने आधीच पार पाडलेले असत. घरी उरे ते आंबवणे. ते मात्र इंग्लंडच्या घराला फार मानवले. लागर जातीच्या बिअरला आंबताना साधारण दहा अंशांचा थंडावा लागतो, एलचे यीस्ट १८ ते २० अंशांत सुखाने काम करते. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचे कपडे वाळवायचे कपाट घरोघरी होते. बादली त्यात ठेवली की झाले. शिवाय दुकानातल्या बिअरच्या किमतीत कर असे, बादलीतल्या बिअरला तो नव्हता. महागाईने पोळलेल्या सत्तरच्या दशकात एवढे कारण पुरेसे होते.

चव? ती पुष्कळदा सुमार असे. पाकाच्या जोडीला किलोभर साधी साखर घातल्याने पेय पातळ होई, आणि बादली नीट निर्जंतुक केली नसली तर आंबूस वास येई. 'घरी केली आहे' हे शब्द यजमान अभिमानाने उच्चारी आणि पाहुणा सावध होई. तरीही अनेकांचा हात या डब्यांवरच बसला आणि मग त्यांना खुद्द धान्याकडे वळावेसे वाटू लागले. डेव्ह लाइन यांचे १९७४चे पुस्तक अशांना माल्ट भिजवण्यापासून सारे शिकवीत होते. नातीपर्यंत न पोहोचलेली विद्या छापील पानांतून परत आली. लिहिणारे बेरी आणि लाइन हे दोघेही पुरुष होते, आणि कधीकाळचे बायकांचे घरकाम आता पुरुषांचा रविवारचा छंद झाले होते.

अमेरिकेत १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २००. तेव्हा त्या अवाढव्य देशात बिअरचे कारखाने शंभराच्याही आत उरले होते. कॅलिफोर्नियातील चिको गावी केन ग्रॉसमन घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवीत असे. त्याने १९८०मध्ये 'सिएरा नेवाडा' या कारखान्यात पहिली बिअर केली. त्याच्यासारख्या अनेक हौशींनी पुढे लहान कारखाने काढले. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत घरी बिअर करणे कायदेशीर झाले ते २०१३ साली.

आजही बिअरच्या साहित्यसंचात डबा, यीस्ट आणि बादली यांच्याबरोबर बहुधा एक काचेची नळी येते. हायड्रोमीटर, १८८०नंतर अबकारी अधिकारी घनतेवरून कर ठरवीत तो याच जातीच्या उपकरणाने. घरी तिचा उपयोग वेगळा. १.०४०च्या आसपास असलेला आकडा १.०१०पर्यंत उतरून दोन दिवस स्थिर राहिला, की साखर संपली असे समजायचे आणि मगच बाटल्या भरायच्या, नाहीतर त्या फुटतात. आणि त्यांतली एक जरी बाटली विकली, तरी ब्रिटनमध्ये तो जुना कर पुन्हा लागू होतो.