सिस्टर, अजून दुखतंय

दादर टीटीकडून आलेली बस हिंदमाताला थांबते आणि तुम्ही उतरता. जुलै महिना आहे. पाऊस नुकताच ओसरलाय, तरी फुटपाथच्या कडेला घोटाभर पाणी आहेच. साड्यांच्या दुकानांतले दिवे त्या पाण्यात पडलेत. पुलाखाली ताडपत्री बांधून काही कुटुंबं बसलेली दिसतात. स्टोव्हवर भात शिजतोय आणि खांबाला टेकून एक्स-रेची मोठी पाकिटं उभी केलीत, ओली होऊ नयेत म्हणून वर प्लॅस्टिक बांधलंय. ही माणसं साडी घ्यायला आलेली नाहीत. इथून टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल आणि केईएम हॉस्पिटल दोन्ही चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

तुम्हीही तिकडेच निघा. फक्त आजच्या तारखेनं जाऊ नका.

साल 1941. विन्सेंट रोडवरून ट्राम खडखडत दादरकडे जाते. पाळी सुटल्याचा भोंगा होतो आणि परळचा सगळा रस्ता माणसांनी भरून जातो. टाटा हॉस्पिटल याच वर्षी 28 फेब्रुवारीला उघडलंय, इमारत अजून नवी कोरी आहे. तुमचं काम मात्र शेजारच्या केईएममध्ये आहे. केईएमला आता 15 वर्षं झालीत. तुम्ही गिरणीत ओझी उचलून उचलून हार्निया करून घेतलेले कामगार आहात. टेबलावर तुम्हाला आडवं करतात, नाकातोंडावर तारेची जाळी ठेवतात, जाळीवर कापडाच्या घड्या आणि त्या घड्यांवर थेंब थेंब इथर. वास गोडसर, घशाला लागणारा. तुम्ही गुदमरता, हात झटकता, कोणीतरी मनगटं धरून ठेवतं. मग काही नाही.

जाग येते ती उलटीनं. उलटीच्या प्रत्येक उमाळ्याला टाके ओढले जातात आणि जांघेपासून छातीपर्यंत कळ जाते. ही पहिली रात्र लक्षात ठेवा, आपण आलोय ते हिच्यासाठी. औषध नाही असं नाही. मॉर्फीन आहे, उत्तम आहे, आणि याच मुंबई बंदरातून माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात जहाजं भरभरून चीनला गेलेली आहे. पण लागलं तर द्यायचं, दोन इंजेक्शनांत काही तासांचं अंतर ठेवायचं, आणि लागलंय की नाही ते ठरवणार दुसरंच कोणी. सवय लागेल ही भीती सगळ्यांच्या मनात बसलेली. तुम्ही दोनदा हाक मारता. तिसऱ्यांदा मारत नाही, कारण शेजारच्या खाटेवरचा गाववाला म्हणतो, "सोस रे जरा, पुरुषासारखा पुरुष तू." पायथ्याच्या तक्त्यावर नाडी आहे, ताप आहे, लघवी किती झाली ते आहे. दुखणं किती, याला रकानाच नाही.

आणि दुखतं म्हणून तुम्ही खोकत नाही. खोल श्वास घेत नाही. कूस बदलत नाही, नाहीतरी आठ-दहा दिवस उठायची मनाईच आहे. न खोकल्यानं कफ फुप्फुसाच्या तळाशी साचतो, न हलल्यानं पोटरीच्या शिरांत रक्त गोठू शकतं. तिसऱ्या दिवशी ताप चढतो. ऑपरेशन नीट होऊनही माणूस दगावायचा तो बऱ्याचदा असा. त्या काळी वेदनेकडे फारसं कोणी मरणाचं कारण म्हणून बघत नव्हतं.

इथून थोडा वेळ मुंबई सोडू. 1944, इटलीतला ॲन्झिओचा किनारा. हेन्री बीचर हा बोस्टनचा भूलतज्ज्ञ लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरतोय. तुम्ही त्याच्या मागे चाला. हाडं मोडलेली, पोटं फाटलेली पोरं आहेत आणि तो प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारतो: दुखण्यावर काही हवंय का? अशा 215 जणांचा हिशेब त्यानं 1946 मध्ये छापला. गंभीर जखमी असलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं होतं. पुढे मायदेशी इस्पितळात नेमक्या जागी, बेतानं कापलेल्या साध्या रुग्णांनी मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा औषध मागितलं. सैनिकाला ती जखम म्हणजे आघाडीवरून सुटका होती, नागरिकाला ती संकट वाटत होती, असा अर्थ बीचरनं लावला. जखम केवढी यावरून वेदना केवढी ते ठरत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे आपल्याकडे आजीही सांगते, पण ते कागदावर मांडून दाखवायला हे बीचरचं फिरणं लागलं.

1955 मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट पुढे आणली. 15 अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी 35 टक्के रुग्णांना औषधाचा अंशही नसलेल्या डोसानं आराम पडलेला दिसला. मग नवं औषध खरंच काम करतं हे ओळखायचं कसं? दोन सारख्या दिसणाऱ्या सिरिंज, कोणाला कोणती ते चिठ्ठीनं ठरणार, देणाऱ्या सिस्टरला माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. ठरावीक वेळानं विचारायचं: आता किती? पुन्हा तासाभरानं: आता? ऑपरेशन झालेला रुग्ण या संशोधनाला सगळ्यात सोयीचा ठरला, कारण त्याच्या वेदनेचं कारण ठाऊक असतं, सुरुवातीची वेळ ठाऊक असते आणि ती दिवसागणिक उतरत जाते. सगळ्यात नाजूक भाग असा की मोजायचं यंत्र म्हणजे रुग्णाचं उत्तर. रक्ताची कुठलीही तपासणी आजही ते काम करत नाही.

ते उत्तरच खोटं असेल तर काय होतं, ते बघायला 2009 मध्ये उतरा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं स्प्रिंगफील्ड. स्कॉट रूबेन नावाचा भूलतज्ज्ञ ऑपरेशननंतरच्या वेदनेवर वर्षानुवर्षं लेख लिहितोय, कोणत्या गोळ्या एकत्र द्याव्यात ते सांगतोय, आणि जगभरचे डॉक्टर ते वाचून औषधं लिहितायत. त्या वर्षी उघड झालं की त्याच्या 21 लेखांतली माहिती बनावट होती. पुढे त्याला तुरुंगवास झाला. मला या प्रकरणाचा राग येतो तो एवढ्यासाठी की त्या लेखांमागे रात्री दोन वाजता "अजून दहापैकी सात" म्हणणारं कोणी नव्हतंच. आकडे होते, कण्हणारा माणूस नव्हता. आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून खऱ्या माणसांना गोळ्या मिळाल्या.

त्याच वर्षी, 15 जून 2009 पासून, भारतात औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिची सरकारी नोंदवहीत नोंद करणं सक्तीचं झालं. काय तपासणार, किती जणांवर, कशानं मोजणार, हे सगळं आधी जाहीर करायचं. लबाडी यानं संपत नाही, पण लपायची जागा कमी होते.

आता पुन्हा परळ. साल 2011 नंतरच्या दहा वर्षांतलं कुठलंही धरा. तुम्ही सोलापूरहून आलेल्या बाई आहात, स्तनात गाठ निघालीय. टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली एक चाचणी चालू आहे. समोर मराठीतलं संमतीपत्र आहे. तुम्ही सावकाश वाचा. नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही, असं त्यात लिहिलंय. चिठ्ठीनं तुम्ही ज्या गटात आलात त्यात सर्जन गाठ काढण्याआधी तिच्या चहूबाजूंनी लिडोकेन टोचतात, अर्धा टक्क्याचं, 60 मिलिलिटरपर्यंत, आणि 7 ते 10 मिनिटं थांबतात. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तेच. 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं, आता कोणाच्याही मालकीचं नसलेलं स्वस्त औषध. इथे हेतू वेदनेपलीकडचा होता: सुरी लागताच गाठीतल्या पेशींची जी खळबळ होते ती थोपवता येते का? देशातल्या 11 केंद्रांवरच्या 1,583 बायकांचा हिशेब 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात 86.4 टक्के होतं, दिलेल्या गटात 90.1 टक्के. एका चाचणीवर सगळं ठरत नाही, इतरांनी ते पडताळायला हवं. पण शंभर बायकांमागे जवळजवळ चार जास्त जिवंत राहिल्या, आणि तेही इतक्या साध्या औषधानं. हे परळमधून पुढे आलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

वॉर्डात या. 1941 च्या त्या रात्रीशी इथल्या रात्रीची तुलना करा. वेदना उसळेपर्यंत थांबायचं नाही, ही आता रीत आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात मांडलं की एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी थोडं थोडं द्यावं. त्यानुसार ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, पोटाला आणि किडनीला चालत असेल तर सूज उतरवणारी गोळी, नस बधिर करणारं इंजेक्शन किंवा पाठीत बारीक नळी, आणि अफूजन्य औषध गरजेपुरतंच. शून्य ते दहात सांगा, असं विचारतात. आकडा जमत नसेल तर "बारा आणे उतरलंय" म्हटलं तरी चालतं.

चार-पाच दिवसांनी तुम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असता. जखमेतून निघालेली नळी आणि तिची बाटली कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवलेली. भिंतीसमोर उभं राहून त्या बाजूच्या हाताची बोटं मुंगीच्या चालीनं वर चढवायची, काल जिथे पोचली तिथे पेन्सिलची खूण आहे. आज त्याच्या वर. हा व्यायाम टाळला तर खांदा आखडतो, आणि दुखत असेल तर तो टळतोच. गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची ती यासाठी.

सगळीकडे असं होत नाही, हेही खरं आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं मॉर्फीनचे परवाने इतके किचकट झाले की अनेक इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, तरी जिल्ह्याच्या गावात अजून रुग्णाला "टाके ओले आहेत, दुखणारच" एवढंच ऐकावं लागतं. औषधासाठी अफू पिकवणाऱ्या देशात हे व्हावं ही शरमेची गोष्ट आहे.

म्हणून आजच्या तारखेला परत आल्यावर एवढं करा. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारा: नंतरच्या दुखण्याची सोय काय केलीय, रात्री कोणाला हाक मारायची? आधीपासून कोणती औषधं चालू आहेत तेही सांगा. आकडा सांगताना नुसतं पडून असतानाचा सांगू नका, खोकताना आणि उठताना किती दुखतं ते सांगा. कमी करून सांगू नका, वाढवूनही नको. आणि तिसऱ्यांदा हाक मारायची वेळ आली, तर मारा.