आक्षेपाची भाषा आणि अपिलाचा अधिकार

कनिष्ठ न्यायालयात जो आक्षेप वेळीच घेतला गेला नाही, तो वरिष्ठ न्यायालयात सहसा ऐकला जात नाही, हे आंग्ल-अमेरिकन न्यायपद्धतीचे जुने सूत्र होय. वरिष्ठ न्यायालय साक्षीदारांस पाहत नाही. ते केवळ अभिलेख वाचते. म्हणूनच इंग्लंडमध्ये १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या अधिनियमाने, न्यायाधीशाने फेटाळलेला आक्षेप लेखी मांडून त्यावर त्याचीच मुद्रा मागण्याचा अधिकार पक्षकारास दिला.

अमेरिकेने हा वारसा घेतला आणि त्यासोबत त्यातील शब्दावडंबरही. आक्षेप फेटाळला गेला, की त्या निर्णयाविरुद्ध पुन्हा निराळा निषेध नोंदवावा लागे. १९४६ साली अमलात आलेल्या संघीय फौजदारी कार्यपद्धतीच्या नियमांनी हा विधी अनावश्यक ठरविला. आपणांस काय हवे, अथवा कशास व का हरकत आहे, हे निर्णयाच्या वेळी न्यायालयास कळविले म्हणजे पुरे, असे नियम ५१ ने सांगितले. आक्षेप राहूनच गेला, तर नियम ५२ ने ‘उघड चुकी’ची अरुंद वाट ठेवली. परंतु चूक उघड असून तिने महत्त्वाच्या हक्कास बाध आणला, एवढ्याने भागत नाही. न्यायदानाच्या निःपक्षपातास, सचोटीस वा लौकिकास तिने गंभीर धक्का दिला पाहिजे, असे १९९३ च्या ओलानो खटल्यात ठरले.

या वाटेची अरुंदता २००२ च्या कॉटन खटल्यात प्रत्ययास आली. बाल्टिमोरमधील कोकेनविक्रीच्या या कटात दोषारोपपत्रात अमली द्रव्याचे वजन नमूद नव्हते. तेवढ्या आरोपावर कमाल शिक्षा २० वर्षांची होती. तथापि किमान ५० ग्रॅमचा निष्कर्ष स्वतः काढून न्यायाधीशाने काहींस ३० वर्षांची, तर काहींस जन्मठेपेची शिक्षा दिली. वकिलांनी या मुद्द्यावर आक्षेप घेतला नाही. अपील प्रलंबित असता, २००० च्या अप्रेंडी निर्णयाने अशी शिक्षा सदोष ठरली. चूक उघड असल्याचे सरकारनेही मान्य केले. तरीही वजनाविषयीचा पुरावा जवळजवळ निर्विवाद असल्याने सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा कायम राखल्या. आक्षेप नोंदलेला असता, तर चूक निरुपद्रवी होती हे दाखविण्याचा भार सामान्यतः सरकारवर पडतो. त्या वेळचा प्रस्थापित कायदा प्रतिकूल होता, ही सबब येथे उपयोगी पडली नाही. फेटाळला जाणार हे ठाऊक असलेला आक्षेपही घ्यावा लागतो, तो याचसाठी.

याची दुसरी बाजू २०२० च्या ओल्गीन-हर्नांडेझ खटल्यात दिसते. अमली द्रव्यांच्या व्यापाराबद्दल दोषी ठरलेल्या आरोपीस, पूर्वीच्या सुटकेच्या अटी मोडल्याबद्दल १२ महिन्यांची आणखी शिक्षा झाली. वकिलाने आधीच कमी शिक्षा मागितली होती. मात्र निकालानंतर ती शिक्षा ‘अवाजवी’ असल्याचे म्हटले नव्हते. तो शब्द उच्चारणे आवश्यक नाही, मागणीतच आक्षेप आला, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

सारांश, सात शतकांत आक्षेपाची भाषा मुद्रांकित पत्रापासून साध्या वाक्यापर्यंत सैल होत आली. वेळेचे बंधन मात्र तसेच राहिले. न्यायालय शब्दाची चूक पोटात घालते, मौनाची क्वचितच.