लुप्त धनुर्वीणा आणि ‘वीणा’ शब्दाचा प्रवास

आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या केल्टिक परंपरेच्या देशांत हार्प हे वाद्य आजही वाजते. दहा-पंधरा रसिकांचे लहान गट एखाद्या जाणत्या वादकाच्या सोबतीने तेथे प्रवासास जातात. दिवसा जुने मठ, किल्ले व वस्तुसंग्रहालये पाहतात आणि सायंकाळी वादन ऐकतात. अशाच प्रवासाची कल्पना खानदेशात मांडली तर पाहण्यासारखी स्थळे कमी पडणार नाहीत. चाळीसगावहून पाटणे व पितळखोरे, जळगावहून अजिंठा, आणि सातमाळ्याचा घाट चढून गेल्यावर देवगिरी, असा सुसंगत मार्ग आखता येतो. उणीव राहील ती श्रवणाची. पितळखोऱ्याची आणि अजिंठ्याची प्राचीन लेणी कोरली जात होती त्या काळी ‘वीणा’ या नावाने जे प्रमुख वाद्य ओळखले जाई ते हार्पच्या जातीचे होते. ते वाद्य या प्रदेशातून आणि बहुतेक सर्व भारतातून नाहीसे झाले. नाव मात्र नाहीसे झाले नाही. ते दुसऱ्या वाद्यांनी उचलले, आणि त्यामुळे मूळ वाद्य लोपले आहे ही गोष्टच दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आली नाही. शब्द टिकला म्हणजे वस्तूही टिकली, हे गृहीत किती फसवे असू शकते याचे हे एक ठळक उदाहरण होय.

प्रथम वाद्याचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. आजच्या रुद्रवीणेत अथवा सरस्वतीवीणेत तारा दांडीला समांतर जातात, दांडीवर पडदे असतात, आणि एकाच तारेवर निरनिराळ्या ठिकाणी बोट दाबून अनेक स्वर काढता येतात. हार्पमध्ये पडदे नसतात. तारा वाद्याच्या पोटातून निघून वर बाकाला जातात व पोटाच्या पृष्ठभागाशी कोन करतात. प्रत्येक तारेचा स्वर ठरलेला असतो आणि जितक्या तारा तितकेच स्वर, असा सामान्य नियम असतो. केल्टिक हार्प त्रिकोणी असून तिच्या पुढील बाजूस आधाराचा खांब असतो. भारतीय वाद्यात हा खांब नव्हता. नावेसारख्या पोटातून धनुष्यासारखा वाकलेला दांडा निघे आणि पोट व दांडा यांच्यामध्ये तारा ताणलेल्या असत. या आकारावरून त्यास येथे धनुर्वीणा म्हटले आहे.

प्राचीन वीणा म्हणजे ही धनुर्वीणा होय, हे आनंद कुमारस्वामी यांनी १९३० साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात वीणेच्या अवयवांविषयी लेख लिहून दाखवून दिले. त्यांची पद्धत भाषाभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी वीणा या शब्दाच्या व्युत्पत्तीवर भर दिला नाही. वीणेच्या भागांना कोणती नावे होती ते पाहिले आणि ती नावे शिल्पांतील वाद्यांशी ताडून पाहिली.

ग्रंथांचा पुरावा या दृष्टीने पाहता पुष्कळ बोलका आहे. ऐतरेय आरण्यकात मानवी शरीर ही दैवी वीणा मानून तिची मनुष्यनिर्मित वीणेशी अवयवशः तुलना केली आहे. तेथे वीणेला मस्तक आहे, उदर आहे आणि केसाळ चामड्याचे आच्छादन आहे. पाली संयुत्तनिकायात एक राजा वीणेचा मधुर नाद ऐकून तो नाद कोठे आहे हे शोधण्यासाठी वीणाच फोडतो अशी कथा आहे. त्या ठिकाणी, आणि मिलिंदपञ्हात, वीणेचे भाग सांगितले आहेत ते असे : द्रोणी, चर्म, दंड, उपवीणा, तंत्री आणि कोण, म्हणजे छेडण्याची नखी. या यादीत पडदे नाहीत आणि भोपळाही नाही. द्रोणी या शब्दाने लाकडाचे कोरलेले, होडीसारखे पोट सूचित होते. चामड्याने मढविलेले असे पोट आणि त्यातून निघणारा दंड हे वर्णन शिल्पांतील धनुर्वीणेला तंतोतंत लागू पडते.

गुत्तिल जातकातील प्रसंग याहूनही उद्बोधक आहे. वाराणसीचा वृद्ध वादक गुत्तिल आणि त्याचा उद्धट शिष्य मूसिल यांच्यात राजसभेत स्पर्धा होते. शक्राच्या साह्याने गुत्तिल आपल्या सात तारांच्या वीणेची एकेक तार तोडीत जातो, तरी संगीत अखंड चालूच राहते. मूसिल त्याचे अनुकरण करतो आणि त्याची वीणा मुकी होते. आजची पडद्यांची वीणा डोळ्यांपुढे ठेवून ही कथा वाचली तर तिचा अर्धा अर्थ हरवतो. कारण त्या वीणेत बहुतेक गायन एका मुख्य तारेवर होते आणि बाकीच्या काही तारा तुटल्या तरी वादन साधते. धनुर्वीणेत मात्र एक तार तुटणे म्हणजे सप्तकातील एक स्वर कायमचा जाणे होय. सातही तारा तुटल्यावर सातही स्वर उरावेत यात चमत्कार आहे, आणि कथाकाराच्या श्रोत्यांना तो विशद करून सांगण्याची गरज नव्हती.

भरताच्या नाट्यशास्त्रात चित्रा ही सात तारांची व बोटांनी वाजविण्याची, तर विपंची ही नऊ तारांची व कोणाने वाजविण्याची वीणा सांगितली आहे. श्रुतींचे मान दाखविण्यासाठी भरताने दोन सारख्या वीणा घेऊन एकीच्या तारा क्रमाक्रमाने उतरविण्याचा प्रयोग दिला आहे. हा प्रयोग मोकळ्या तारांच्या वाद्यावरच स्वाभाविकपणे होऊ शकतो. त्याचप्रमाणे एकाच स्वरमालेतील निरनिराळ्या स्वरांपासून आरंभ करून निरनिराळ्या मूर्च्छना सिद्ध करणे, ही विचारपद्धतीही ज्या वाद्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार आहे अशा वाद्याशी जुळते. एका स्थिर षड्जाभोवती सर्व रागांची मांडणी करणारी पुढील काळाची पद्धती पडद्यांच्या वाद्यांबरोबर दृढ झाली, असे मानण्यास आधार आहे. ग्राम व मूर्च्छना ही प्रकरणे आजच्या विद्यार्थ्यास दुर्बोध वाटतात त्याचे एक कारण हे की, ज्या वाद्यावर ती रचली गेली ते त्याने पाहिलेले नसते.

आता शिल्पांकडे वळू. भारहूत व सांची येथील शिल्पांत, तसेच अमरावती व नागार्जुनकोंडा येथे, धनुर्वीणा वारंवार आढळते. महाराष्ट्रात भाजे येथील विहारात, इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गजारूढ मूर्तीच्या खाली, आसनस्थ पुरुषापुढे नर्तकी आणि धनुर्वीणावादक कोरलेले आहेत. भाजे, पितळखोरे आणि अजिंठ्याची नववी व दहावी लेणी ही साधारणतः एकाच प्राचीन पर्वातील, म्हणजे इ. स. पूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या आसपासची होत. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत प्रतिष्ठानच्या दात्यांची नावे आहेत. तेथील यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. प्रतिष्ठानहून उज्जयिनीकडे जाणारी वाहतूक सातमाळ्याचे घाट उतरून खानदेशातूनच जात असे. तेव्हा भाज्याच्या शिल्पकाराला परिचित असलेले वाद्य या मार्गावरील नगरांत व सार्थांच्या मुक्कामांवर अपरिचित असेल, असे मानणे कठीण आहे. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे, हा भेद येथे राखलाच पाहिजे.

चौथ्या-पाचव्या शतकांत संक्रमणाची चिन्हे दिसू लागतात. समुद्रगुप्ताच्या प्रसिद्ध नाण्यावर राजा मंचकावर बसून मांडीवरील धनुर्वीणा वाजवीत आहे. म्हणजे सम्राटाच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाद्य त्या वेळी हेच होते. ग्वाल्हेरजवळील पवाया येथील गुप्तकालीन नृत्यदृश्यात मात्र धनुर्वीणेबरोबर आखूड मानेचे, ल्यूटच्या जातीचे दुसरे तंतुवाद्यही आहे. दोन पिढ्यांची वाद्ये एकाच मैफलीत बसावीत तसे हे दृश्य आहे. अजिंठ्याचे सतरावे लेणे याच पाचव्या शतकातले. ते खोदविणाऱ्या, वाकाटक हरिषेणाच्या मांडलिक घराण्याचा प्रदेश ऋषीक, म्हणजे आजचा खानदेश, असावा असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. या राजांच्या सभेत वीणा हा शब्द उच्चारला जाई तेव्हा ऐकणाराच्या मनात एकच आकार उभा राहत होता की दोन, हे सांगता येत नाही. परंतु शब्दाचा अर्थ ढळू लागण्यास हाच काळ अनुकूल होता.

तेराव्या शतकापर्यंत हे परिवर्तन पुरे झाले. त्याचा साक्षीदार खानदेशच्या अगदी शेजारी, देवगिरीस होता. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे, त्याचा आजा भास्कर दक्षिणेत आला, आणि शार्ङ्गदेव स्वतः यादव राजा सिंघण (इ. स. १२१० ते १२४७) याच्या पदरी श्रीकरणाधिपती होता. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडला. अशा विद्याप्रेमी राज्यात लिहिलेल्या संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायात चित्रा, विपंची व एकवीस तारांची मत्तकोकिला यांची नावे आहेत. परंतु त्यांचे वर्णन थोडक्यात आटोपले आहे. विस्तार आहे तो एकतंत्री, आलापिनी व किन्नरी यांचा. किन्नरीचे पडदे गिधाडाच्या हाडांचे करावेत इथपर्यंत बारकावे शार्ङ्गदेव देतो. हा फरक अर्थपूर्ण आहे. जे वाद्य रोज हाताळले जाते त्याची मापे दिली जातात, आणि जे केवळ परंपरेने माहीत असते त्याची तारांची संख्या सांगून ग्रंथकार पुढे जातो. पंधराव्या शतकातील टीकाकार कल्लिनाथ मत्तकोकिलेस लोक स्वरमंडल म्हणतात असे सांगतो आणि त्रितंत्रीचे लोकनाम जंत्र असे देतो. जुन्या नावांचे अर्थ समकालीन वाद्यांच्या साह्याने लावण्याची वेळ आली होती, हे यावरून उघड होते.

या पार्श्वभूमीवर मराठीतील शब्द पाहावेत. खानदेशात आज वीणा म्हटले की प्रथम वारकऱ्यांची वीणा आठवते. मुक्ताईच्या मेहूण-कोथळी परिसरात काय किंवा गावोगावच्या हरिनाम सप्ताहात काय, वीणेकरी ती गळ्यात अडकवून उभा असतो, आणि पहारा बदलला तरी वीणा खाली ठेवली जात नाही. वीणा शब्दाचाच दुसरा अवतार बीन हा होय. हिंदुस्थानी संगीतात बीन म्हणजे रुद्रवीणा. मराठी बोलण्यात मात्र बीन म्हणजे गारुड्याची पुंगी, म्हणजे तंतुवाद्यही नव्हे. किन्नरीची गोष्ट तशीच आहे. शार्ङ्गदेवाची पडद्यांची किन्नरी लोकभाषेत किंगरी झाली. परंतु जोगी व प्रधान यांची किंगरी गजाने वाजविली जाते. नाव एका पिढीकडून दुसरीकडे जाते, हात मात्र बदललेली वस्तू धरतात.

केल्टिक प्रदेशांत याहून वेगळे घडले असे समजण्याचे कारण नाही. जुन्या आयरिश भाषेतील ‘क्रुत’ हा शब्द पुढे हार्पला लागला, तर त्याचाच सगोत्र वेल्श शब्द ‘क्रूथ’ हा गजाने वाजविण्याच्या वाद्याचे नाव ठरला. १७९२ साली बेलफास्ट येथे हार्पवादकांचे संमेलन भरले, तेव्हा एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्या चिजा लिहून घेतल्या. धातूच्या तारा नखांनी छेडण्याची जुनी रीत पाळणारा त्यांत एकच वृद्ध वादक होता, डेनिस हेंपसन. ती परंपरा लौकरच खंडित झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डब्लिनच्या जॉन ईगनने तातीच्या तारांचे नवे लहान हार्प बनविले, आणि आजची केल्टिक हार्प मुख्यतः त्या वाणाची आहे. तेथेही नाव अखंड, वाद्य मात्र बदललेले. फरक इतकाच की तेथे शेवटच्या क्षणी कोणीतरी वही घेऊन बसले होते. आपल्याकडे धनुर्वीणेच्या अखेरच्या वादकांपाशी असे कोणी बसल्याचे दिसत नाही.

तथापि वाद्य सर्वस्वी नष्ट झाले असे म्हणणेही बरोबर नाही. बौद्ध धर्माच्या वाटेने ते ब्रह्मदेशात गेले आणि तेथे ‘सौंग’ या नावाने राजमान्य होऊन आजवर वाजत आहे. हिंदुकुशातील नूरिस्तानात त्याचा एक प्रकार राहिला. भारतात मंडला भागातील प्रधान हे गोंडांचे भाट पाच तारांचे, चामड्याने मढविलेले ‘बिन-बाजा’ वाजवीत असल्याची नोंद रॉडरिक नाइट यांनी १९८५ साली एथ्नोम्युझिकॉलॉजी या नियतकालिकात केली. ज्या सातपुड्याने खानदेशची उत्तर सीमा आखली आहे त्याच्याच पूर्वेकडील रांगांत हे वाद्य उरले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तेथे तरी शब्द आणि वस्तू यांची जोडी फुटली नाही. राजसभेने टाकलेले वाद्य भाटाने सांभाळले आणि त्याला बिन हे जुने नावही ठेवले.

शब्द हे इतिहासाचे साधन आहे हा विचार खानदेशला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी आपल्या व्युत्पत्तिविषयक कार्याने तो महाराष्ट्रात रुजविला. १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यास झाले आणि पुढील वर्षी तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. वीणेचे उदाहरण त्या विचारास पूरक अशी एक मर्यादा घालते. केवळ ध्वनिसाम्यावरून वीणा शब्द प्राचीन ईजिप्तमधील हार्पच्या नावाशी जोडण्याचा मोह काहींना झाला. पण तसा संबंध मानला किंवा नाकारला तरी गुत्तिलाच्या हाती काय होते ते कळत नाही. ते कळते द्रोणी, चर्म, कोण या साध्या, कारागिराच्या शब्दांवरून. वस्तूचे नाव स्थलांतर करते. तिच्या अवयवांची नावे सहसा तिच्याबरोबरच राहतात किंवा तिच्याबरोबरच मरतात. म्हणून वस्तूचा इतिहास लिहिताना अवयवांचे शब्द हे मुख्य नावापेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतात.

यातून दोन कामे निघतात. प्राकृत, पाली व संस्कृत ग्रंथांच्या मराठी अनुवादांत जेथे वीणा हा शब्द येतो तेथे काळ पाहून टीप देणे हे पहिले. सातपुड्याच्या व डांगच्या वाद्यांचे अवयव अहिराणी, भिली, पावरी व कोकणी बोलींत कोणत्या नावांनी ओळखले जातात त्यांचा, चित्रांसह, कोश करणे हे दुसरे, आणि अधिक निकडीचे. मुख्य नावे जनगणनेच्या पुस्तकांतूनही मिळतात. दांडीच्या टोकाच्या खुंटीला काय म्हणतात हे वाजविणाराच सांगू शकतो. पाटणे, पितळखोरे, अजिंठा व देवगिरी हा प्रवास विद्यार्थ्यांच्या लहान गटाने अवश्य करावा. मात्र त्याचा शेवटचा मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर, वाजविणाऱ्याच्या अंगणात असावा, आणि तेथे वही उघडावी.